दहा सेंटची कॉफी

स्वस्ताईच्या गोष्टी ऐकायला कोणाला आवडत नाहीत? आमचे आजोबा रुपयाभरात आठवड्याचा बाजार घरी आणल्याचे सांगत. वडील दोन आण्यांच्या चहाभज्यांवर येऊन थांबत. आणि आता मी नातवाला दहा पैशांच्या बसच्या तिकिटाची कथा सांगू लागलो, की घरातील मंडळी एकेक करून उठतात आणि आपापल्या कामाला लागतात. माणसाचे वय ओळखायचे असेल तर जन्माचा दाखला मागू नये. तूप कोणत्या भावाने घेतल्याचे आठवते ते विचारावे.

हा छंद काही आपल्या एकट्यांचा नव्हे. अमेरिकेतील वयस्क मंडळी ह्या बाबतीत आपल्या सदाशिव पेठेला हार जाणार नाहीत. फरक इतकाच, की आपण आठवणी नुसत्या बोलून दाखवतो आणि त्यांनी त्या भिंतीवर टांगून त्यांचे दुकान मांडले आहे.

माझी मुलगी नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅले शहराच्या बाजूला राहते. गेल्या खेपेस आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असताना जावयांनी आम्हांला एके रात्री मुद्दाम ‘पन्नास सालच्या’ हॉटेलात जेवायला नेले. हॉटेल आजचेच, पण सोंग १९५५ चे. जमिनीवर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या फरश्या, लाल रेक्झिनची बाके, कोपऱ्यात रंगीत दिव्यांचा जूकबॉक्स, एका भिंतीवर एल्व्हिस प्रेस्ली आणि समोरच्या भिंतीवर मर्लिन मन्रो. ह्या दोघांच्या मधोमध जुन्या भावांचा एक फलक होता : हँबर्गर १५ सेंट, कॉफी १० सेंट. हातात दिलेल्या कार्डावर मात्र तोच हँबर्गर बारा डॉलरांचा! आमच्या सौभाग्यवतींनी कार्ड पाहिले, भिंत पाहिली आणि हळूच म्हणाल्या, “अहो, त्याला म्हणावे, भिंतीवरचेच द्या.”

माझी हयात हिशेबखात्यात गेली. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय मला चैन पडेना. आधी विनिमयाचा दर सांगतो, म्हणजे वाचकांना ताळा पाहता येईल. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तोपर्यंत एका डॉलरला सुमारे ४ रुपये ७६ पैसे पडत. कॅलिफोर्नियातील सान बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली आपले हॉटेल नव्याने मांडले. वाढपी काढले, चिनी मातीची भांडी काढली, सगळे कागदात गुंडाळून द्यायला सुरुवात केली, आणि हँबर्गरचा भाव लावला १५ सेंट. म्हणजे आपले ७१ पैसे, जुन्या हिशेबात साडेअकरा आणे. कोकाकोलाचा भाव तर १८८६ पासून जवळजवळ सत्तर वर्षे पाच सेंटांवर खिळ्याने ठोकल्यासारखा बसला होता. टपालाच्या पाकिटाला १९५८ पर्यंत तीन सेंटांचे तिकीट लागे. १९५५ साली पेट्रोल गॅलनला सुमारे २९ सेंट होते. त्यांचा गॅलन पावणेचार लिटरांचा, म्हणजे लिटरला आठ सेंटही नाहीत. रतलभर पाव अठरा सेंटांच्या आसपास. अंडी मात्र त्या मानाने चांगलीच महाग, डझनाला साठ सेंट. त्याच वर्षी १७ जुलैला डिस्नेलँड उघडले. तिथे दाराशी मोठ्या माणसाचे तिकीट एक डॉलर. आतल्या गमतीजमतींचे पैसे निराळे!

मी हे सगळे मोठ्याने वाचून दाखवत होतो. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “नुसते भाव काय सांगता? पगार किती होता ते सांगा.”

प्रश्न बिनतोड होता. पगाराशिवाय भाव सांगणे म्हणजे उंची न सांगता नुसते वजन सांगण्यासारखे आहे. तेव्हा पगार पाहिले. १९५५ साली देशातील सर्व कुटुंबे मिळकतीप्रमाणे एका रांगेत उभी केली असती, तर बरोबर मधल्या कुटुंबाची वर्षाची मिळकत सुमारे ४४०० डॉलर भरली असती. म्हणजे आपले एकवीस हजार रुपये. १९५६ पासून कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला एक डॉलर झाली. तेव्हा १५ सेंटांचा हँबर्गर म्हणजे नऊ मिनिटांचे काम आणि दहा सेंटांची कॉफी म्हणजे सहा मिनिटांचे. १९५० साली दर शंभर घरांपैकी नऊ घरांत टेलिव्हिजन होता. १९६० साली तो नव्वदीच्या घरात पोचला. १९५३ च्या जानेवारीत ‘आय लव्ह ल्यूसी’ ह्या विनोदी मालिकेतील ल्यूसीला मुलगा झाला, तेव्हा सुमारे साडेचार कोट माणसे ते बारसे पाहायला आपापल्या दिवाणखान्यात बसली होती. जेवायला उठायलाही नको, म्हणून अॅल्युमिनियमच्या खणाखणांच्या ताटात शिजवून गोठवलेले जेवण ९८ सेंटांना मिळू लागले. त्याचे नावच ‘टीव्ही डिनर’.

त्या सुबत्तेचा शेष आपल्यापर्यंतही आला होता. तिकडे पिकून उरलेला गहू १९५४ च्या ‘पी. एल. ४८०’ ह्या कायद्याखाली परदेशी जाऊ लागला आणि १९५६ साली आपल्या सरकारने त्याचा करार केला. माझ्या शाळकरी वयात रेशनच्या रांगेत पिशवी धरून मी तो लाल गहू आणला आहे. त्याच्या पोळ्यांबद्दल आमच्या आईचे मत छापण्यासारखे नव्हते.

हिशेब येथवर आला आणि आमच्या घरातल्या ऑडिटरने दुसरी शंका काढली : “पण हे पगार कोणाचे?” वरवर साधा वाटणारा हा प्रश्न मला पुढे पुष्कळ लांब घेऊन गेला.

तासाला डॉलर देणारा तो कायदा शेतमजुरांना लागू नव्हता. घरकाम करणाऱ्या बायकांना नव्हता. १९६० पर्यंत दुकानांतील आणि हॉटेलांतील नोकरांनाही नव्हता. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय माणसे बहुतेक ह्याच कामांत होती. १९६० साली मधल्या पायरीवरच्या गोऱ्या कुटुंबाची मिळकत ५८०० डॉलरांच्या आसपास होती; गोरे नसलेल्यांची ३२०० च्या. म्हणजे ज्या कॉफीला एकाला सहा मिनिटे लागत, तिला दुसऱ्याला दहा-अकरा मिनिटे लागत. पण एवढ्यावर भागते तर तो केवळ गरिबीचा प्रश्न झाला असता, आणि गरिबी आपल्याला नवी नाही. गोष्ट त्यापुढची आहे.

त्याच्या आदल्या वर्षी मी न्यूयॉर्कला भाचीकडे राहिलो होतो, तेव्हा लाँग आयलंडवरील लेव्हिटाउन पाहून आलो होतो. ते मला आता आठवले. अमेरिकन मध्यमवर्गाचे माहेरघर म्हणावे असे हे गाव. युद्धावरून परतलेल्या शिपायांना घरे हवी होती. लेव्हिट कंपनीने १९४७ पासून तिथल्या बटाट्याच्या शेतांत घरे उभारायला घेतली. गाडीच्या कारखान्यात गाडी सरकते आणि माणूस जागच्या जागी उभा राहतो. इथे घर जागेवर आणि कामकऱ्यांच्या टोळ्या पुढे सरकत. एक टोळी पाया घाली, दुसरी चौकटी उभारी, तिसरी रंग देई. भरात असताना दिवसाला तीस घरे उठत. चार वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरे झाली. १९४९ च्या नमुन्याची किंमत ७९९० डॉलर. माजी सैनिकाला आगाऊ रक्कम नाही आणि महिन्याचा हप्ता साठ डॉलरांच्या आत. स्वयंपाकघरात कपडे धुण्याचे यंत्र आयतेच, आणि १९५० च्या घरात तर जिन्याच्या भिंतीत टेलिव्हिजनही बसवून दिलेला. आज तेथील घर सहा लाख डॉलरांच्या खाली मिळणे कठीण. मूळ रूपातले घर जवळजवळ शोधूनच काढावे लागते, कारण प्रत्येकाने वर माडी नाहीतर बाजूला पडवी चढवली आहे. हे पाहून मला आपल्या हाउसिंग बोर्डाच्या चाळींतील झाकून घेतलेल्या गॅलऱ्या आठवल्या आणि माणुसकीवरचा विश्वास दुणावला. शेजारच्या हिक्सव्हिलमध्ये आता इडली-डोशाची हॉटेले आणि साड्यांची दुकाने आहेत.

पण त्या पहिल्या भाडेकरारात एक कलम होते. ह्या घरात गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणाला वापर किंवा वास्तव्य करू देता येणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. त्याला जोडून पुढे एक सवलत होती : घरकामाला ठेवलेले नोकर गोरे नसले तरी चालतील! १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असल्या अटींची अंमलबजावणी न्यायालयांना करता येणार नाही असा निकाल दिला. पुढे कलम गेले, पण वहिवाट राहिली. कंपनीने पेन्सिल्व्हेनियात बांधलेल्या दुसऱ्या लेव्हिटाउनात १९५७ साली मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा त्यांच्या दाराशी जमाव जमला आणि खिडक्यांवर दगड आले. मायर्स कुटुंबाने घराची किंमत मोजली होती आणि घर त्यांच्या नावावर होते. पण तेवढे पुरत नव्हते.

मग मला जिकडे तिकडे तेच दिसू लागले. १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला. त्यातून एकेचाळीस हजार मैलांचे रस्ते आखले गेले. मोटार घ्यावी आणि देश पाहायला निघावे, हे त्या दिवसांतील प्रत्येक घराचे स्वप्न. परंतु हार्लेमचा व्हिक्टर ग्रीन नावाचा एक टपालवाला १९३६ पासून दरसाल एक लहानसे पुस्तक छापत असे. कोणत्या गावी कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे गाडी दुरुस्त करून मिळेल, ह्याची त्यात यादी असे. तीस वर्षे ते पुस्तक निघत होते. खिशात पैसे असूनही ही कुटुंबे घरून डबे बांधून निघत. आपणही दशम्या बांधून निघतो, पण आपण काटकसरीपायी. त्यांना मात्र वाटेत कोणी वाढणार नाही म्हणून. गाण्याचेही तेच. नॅट किंग कोल ह्यांच्या तबकड्या लाखो घरांत वाजत. १९५६ च्या नोव्हेंबरात एन.बी.सी. ने त्यांना टेलिव्हिजनवर स्वतःचा कार्यक्रम दिला. मोठमोठे गायक त्यात येऊन गायले. पण देशभर जाहिरात द्यायला एकही बडी कंपनी पुढे आली नाही. वर्षभराने, १९५७ च्या डिसेंबरात, कार्यक्रम बंद पडला. दिवाणखान्यात आवाज चाले, माणूस चालत नसे.

माझे हे पुराण चार दिवस ऐकून जावई म्हणाले, “बाबा, तुम्हांला ती दहा सेंटची कॉफी खरोखरच पाहायची असेल तर ग्रीन्सबरोला जाऊ या. इथून दीड तासाची वाट.” शनिवारी आम्ही सगळे, अकरा वर्षांच्या नातवासह, निघालो.

ग्रीन्सबरोच्या एल्म रस्त्यावर वूलवर्थचे जुने दुकान आहे. वूलवर्थ म्हणजे ‘पाच-दहा सेंटवाले’ दुकान. फ्रँक वूलवर्थने १८७९ साली हा धंदा मांडला. पाच-दहा सेंटांच्या मालावर त्याने एवढा पैसा केला, की १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये जगातील तेव्हाची सर्वांत उंच इमारत त्याच्या नावाने उभी राहिली. सुया, टाचण्या, वह्या, खेळणी, साबण, आणि एका बाजूला खाण्यापिण्याचे लांब काउंटर, असे त्याच्या दुकानाचे रूप असे. ग्रीन्सबरोचे दुकान १९९३ साली बंद झाले. १ फेब्रुवारी २०१० पासून तिथे नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. आत एक कोकाकोलाचे यंत्र ठेवले आहे. यंत्र एकच, तोंडे दोन : एक बाजू गोऱ्यांची, दुसरी इतरांची. आणि पुढे ते काउंटर. काटकोनात वळलेले, साठाहून अधिक माणसे बसतील एवढे, जिथल्या तिथे. त्यापुढे ओळीने फिरती स्टुले.

ह्या दुकानात कृष्णवर्णीयांना बंदी नव्हती. बाकीच्या प्रत्येक काउंटरवर त्यांचे पैसे चालत. खाण्याच्या ह्या काउंटरमागे स्वयंपाक करायला, बशा विसळायलाही तीच माणसे होती. बंदी फक्त त्या स्टुलांवर बसण्याला होती.

१ फेब्रुवारी १९६०, सोमवार. तेथील शेती व तंत्रविद्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असणारी चार मुले, फ्रँकलिन मकेन, जोसेफ मक्नील, एझेल ब्लेअर आणि डेव्हिड रिचमंड, दुपारी चारच्या सुमारास दुकानात आली. त्यांनी आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ जिन्नस घेतले आणि पावती मागून खिशात घातली. मग ती ह्या स्टुलांवर जाऊन बसली आणि त्यांनी कॉफी मागितली. इथे तुम्हांला मिळत नाही, असे उत्तर आले. तेव्हा मुलांनी विचारले, की आताच पलीकडच्या काउंटरवर तुम्ही आमचे पैसे घेतलेत, ही त्याची पावती. मग इथे का घेत नाही? हिशेबखात्यात माझ्या हाताखालून हजारो पावत्या गेल्या. एवढ्या मोलाची एकही गेली नाही.

दुकान बंद होईपर्यंत मुले बसून राहिली. कॉफी आली नाही. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक मुले आली. चौथ्या दिवशी त्यांत काही गोऱ्या मुलीही होत्या. आठवडा संपायच्या आत संख्या शेकड्यांवर गेली. मुले पुस्तके उघडून अभ्यास करत बसत. मागून शिव्या येत, धक्के बसत. मार्च अखेरपर्यंत हे लोण पन्नासाहून अधिक शहरांत पोचले होते.

नातू त्या काउंटरसमोर बराच वेळ उभा होता. त्याने विचारले, “आजोबा, पण त्यांच्याकडे दहा सेंट होते ना?”

“होते ना.”

“मग झाले तर! दुकानदाराला आणखी काय पाहिजे होते?”

व्यापाराचे सगळे शास्त्र त्या पोराच्या बाजूचे होते. मला उत्तर सुचले नाही. त्याच्या आजीने त्याला जवळ घेतले.

ह्या गोष्टीचा एक धागा आपल्या दाराशी येऊन पोचतो, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. ग्रीन्सबरोपाठोपाठ नॅशव्हिल शहरात १३ फेब्रुवारीपासून विद्यार्थी असेच बसू लागले. त्यांना तयार केले होते जेम्स लॉसन ह्या तरुण धर्मोपदेशकाने. चर्चच्या तळघरात ते मुलांचे वर्ग घेत. निम्मी मुले स्टुलावर बसत, निम्मी त्यांना शिव्या देत, ढकलत. आणि बसलेल्यांनी हात उगारायचा नाही, ह्याचा सराव चाले. हे लॉसन १९५३ ते १९५६ आपल्या नागपुरात होते. हिस्लॉप कॉलेजात ते मिशनरी शिक्षक म्हणून आले होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी इथे केला, आणि माँटगोमेरी गावच्या कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमीही त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. १० मे १९६० रोजी नॅशव्हिलची काउंटरे सर्वांना खुली झाली. लॉसन २०२४ साली वारले. महाडचे चवदार तळे कायद्याने सर्वांना खुले असूनही रूढीने बंद होते. १९२७ च्या २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी त्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हाही प्रश्न पाण्याच्या किमतीचा नव्हताच.

ग्रीन्सबरोच्या दुकानाला ह्या हट्टापायी सुमारे दोन लाख डॉलरांचा धंदा गमवावा लागला असे सांगतात. अखेर २५ जुलै १९६० रोजी व्यवस्थापकाने आपल्याच काही कृष्णवर्णीय नोकरांना बोलावले. जिनिव्हा टिझडेल त्यांत होत्या. कामाचे कपडे उतरवून घरचे कपडे घालून या, असे त्यांना सांगण्यात आले. आणि आजवर ज्या काउंटरमागे त्या राबल्या, त्याच्या पुढच्या बाजूला त्या गिऱ्हाईक म्हणून बसल्या. सर्व देशासाठी कायदा व्हायला १९६४ चा जुलै उजाडला.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलत नव्हते. बऱ्याच वेळाने मी नातवाला माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. आमच्या गावी एस.टी.च्या थांब्यासमोर चहाचे दुकान होते. आत फळीवर कपबश्या मांडलेल्या असत आणि बाहेर वळचणीला दोन-तीन कप निराळे उपडे घातलेले असत. ज्यांच्यासाठी ते होते ती माणसे आपला कप आपण उचलत, चहा वरून ओतून घेत, उभ्याने पीत आणि कप आपणच विसळून पुन्हा तिथे ठेवत. मी वडिलांचे बोट धरून आतल्या बाकावर बसलेलो असे.

नातवाने सगळे नीट ऐकून घेतले. मग त्याने विचारले, “आजोबा, त्या बाहेरच्या कपातला चहा स्वस्त होता का?”

“नाही रे,” मी म्हणालो, “भाव एकच होता.”